अस्वलाचा पजामा

घर भाड्याने देताना मालक लोक काय काय विचारतात, याचा मला बऱ्यापैकी अनुभव आहे. नोकरी कुठे, खाणं कसं, पाहुण्यांची ये-जा किती, पाणी जपून वापराल ना. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरमालकांनी यातलं काहीही विचारलं नाही. सामानाचा टेम्पो फाटकाशी थांबला तसे ते ओट्यावरून उठले, सरळ आमच्या गादीपाशी गेले, तिच्या उसवलेल्या कोपऱ्यात दोन बोटं घातली आणि कापसाचा एक पुंजका बाहेर ओढला. तो दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ताणला, उजेडात धरला, तुटेपर्यंत पाहिला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "कवडी हाय. फसवलं तुमाले कोणंतरी."

गादी माझ्या माहेरची होती. माझ्या वडिलांनी पुलगावला समोर बसून भरून घेतलेली. नवरा बिचारा कुणाची बाजू घ्यावी हे न कळून टेम्पोवाल्याशी बोलू लागला, आणि मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की या माणसाशी आपलं जमायचं नाही.

कवडी म्हणजे किडक्या बोंडातला पिवळा, डागी कापूस. वेचताना तो बाजूला काढायचा असतो. काढला नाही तर चांगल्या कापसात मिसळून जातो, आणि कधी कधी मुद्दाम मिसळलाही जातो. काकाजी (सगळी गल्ली त्यांना काकाजीच म्हणायची) नोकरीभर सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. कापसाची गाडी समोर आली की ते वरच्या थराकडे ढुंकूनही पाहत नसत. बाही वर सरकवायची, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळातून मूठभर कापूस काढायचा. "वरतून सारं पांढरंच दिसते," हे त्यांचं एक वाक्य. त्यावर त्यांची नोकरी झाली आणि पुढे तेच त्यांचं तत्त्वज्ञान झालं.

निवृत्तीनंतर सरकारने त्यांच्याकडून खुर्ची परत घेतली, पण निकाल द्यायची सवय काही घेता आली नाही. मग कापसाऐवजी जगच समोर आलं. चहा पास. कूलरमधली खस रिजेक्ट. नवीन डांबरी रस्ता, नुसता वाकून पाहिला आणि कवडी. आमच्या गल्लीत शिरला की भाजीवाला ओरडणं बंद करायचा आणि पाय उचलून पुढे निघायचा, कारण काकाजी टोपलीच्या तळातला टमाटा काढून त्याच्याच हातावर ठेवत. आणखी एक त्यांचा शेरा होता, "ओल हाय." ओला कापूस वजनाला भरतो, पण टिकत नाही. काकाजींच्या मुलीला पाहायला आलेली किती तरी मुलं याच कलमाखाली परत गेली. "पोरगा बरा हाय, पण ओल हाय त्याच्यात." शेवटी मुलीने आपला आपणच शोधला. लग्नाच्या मांडवात व्याह्यांनी मोठ्या हौसेने विचारलं, "मग, जावई पसंत आहे ना?" काकाजींनी जावयाला खालवर पाहिलं आणि म्हणाले, "पास नाई म्हणत मी. पण चालीन."

काकूंना मी एकदा विचारलं, तुम्ही कशा काय पास झालात? त्या पीठ चाळत होत्या. म्हणाल्या, "मले पाहाले आले, तं मायी वेणी हातात घेऊन पाहे. मले वाटलं, प्रेमानं पाहून राह्यला बिचारा. मंग समजलं, धाग्याची लांबी पाहून राह्यला होता."

अशा माणसाच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. नवरा बियाण्यांच्या कंपनीत, त्यामुळे सदानकदा बाहेरगावी. मी वर्ध्याच्या पोस्टात. आणि आमची ओवी केजीत. मी कामावरून येईपर्यंत ती खाली काकूंकडे असायची आणि काकाजींना आबाजी म्हणायची.

आता ओवीबद्दल, म्हणजे खरं तर माझ्याबद्दल. आजकाल आईबापाला मूल वाढवून भागत नाही, मूल 'घडवावं' लागतं. मी आईशी फोनवर बोलते ती अस्सल वऱ्हाडी, पण ओवीशी बोलायची ती शुद्ध. आमच्या पिढीतल्या सगळ्या आयांचं हेच चाललेलं असतं. काकाजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्ही पुलगावच्या नं, बाई? मंग वरतं कोणते पाहुणे उतरले, ज्यायच्याशी तुम्ही असं बोलता?"

शुद्ध भाषेच्या जोडीला पुस्तकं. आयांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की यमकाची चित्रपुस्तकं रोज वाचून दाखवली की मूल आपोआप वाचायला लागतं. ज्या सल्ल्यात 'आपोआप' हा शब्द असतो तो सल्ला मला नेहमीच आवडत आला आहे. मी ढीगभर पुस्तकं मागवली. गुळगुळीत कागद, मोठी चित्रं, आणि खाली दोन-दोन ओळी:

आले आले अस्वलमामा,
अंगात त्यांच्या पिवळा पजामा.

महिन्याभरात ओवी पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखालून बोट फिरवत, घडाघडा वाचू लागली. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आत्या, मावश्या, काका यांनी टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग लावली. एका मावशीने तर लिहिलं, "कलेक्टर होणार."

कलेक्टरच्या मार्गात पहिली अडचण आली ती शाळेत. संक्रांत झाल्यावर पालकसभा होती. मॅडम म्हणाल्या, "ओवी म्हणते सुंदर. पण ती वाचत नाहीये. एप्रिलमध्ये आम्ही प्रत्येकाला पुस्तक देऊन वाचून घेणार आहोत. वाचलं तर पहिली, नाही तर अजून एक वर्ष केजी." ओवी शेजारीच उभी होती. मोठ्या माणसांना वाटतं की लहान मुलं शेजारी असली की त्यांना ऐकू येत नाही. शाळेत केजी खाली आणि पहिलीचा वर्ग जिन्याने वर. घरी येताना ओवीने एवढंच विचारलं, "सगळे वर जातील आणि मी एकटीच खाली?" मी म्हटलं, असं काही होणार नाही. पण असं होऊ शकतं हे मॅडमनी स्पष्ट मराठीत सांगितलं होतं.

मी काय केलं? आणखी पुस्तकं मागवली. औषध लागू पडत नसलं की डोस वाढवायचा, हे आपण डॉक्टरांना न विचारताच शिकलेले असतो.

एका रविवारी ओवी नवं पुस्तक घेऊन काकाजींना दाखवायला खाली गेली. मी मागे होतेच. तिने पहिलं पान धडाक्यात म्हटलं. काकाजींनी ऐकून घेतलं. मग पुस्तक हातात घेतलं, बरोबर मधोमध उघडलं, चित्रावर आपला पंजा ठेवला आणि एका शब्दाखाली बोट टेकवलं. "हे काय हाय?"

ओवीने चित्र दिसतंय का ते पंजाच्या कडेने पाहिलं. दिसेना. मग तिने पहिल्या पानापासून म्हणायला सुरुवात केली. काकाजींनी थांबवलं. "ते नाई. हे, फकस्त हे." ओवीने अंदाज बांधला. म्हणाली, "टोपी?" तिथे 'मामा' लिहिलं होतं.

काकाजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, वरतून पांढरं हाय."

माझा संताप संताप झाला. माझ्या गादीत बोटं घातली ते सोसलं, पण पोरीच्या डोक्यात कोपरापर्यंत हात घालायचं यांना सांगितलं कुणी? मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच ओवीची बाजू घेतली. "पोट्टीचा दोष नाई. मालच तसा हाय." आणि चष्मा लावून त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतलं. खरेदी केंद्रावर गाडी लागल्यागत, सावकाश, प्रत्येक ओळ बोटांनी चाचपत.

"माकडाने घातली टोपी, जिलेबी खाल्ली गोड नि सोपी," त्यांनी वाचलं. मग चष्मा वर केला. "जिलेबी सोपी रायते? करणाऱ्याले जाऊन विचारा. पाक बिघडला तं दिवस जाते त्याचा."

"काकाजी, ते यमकासाठी आहे."

"मंग तेच तं म्हणून राह्यलो. कवडी हाय. कास्तकार वजनासाठी कापसावर पाणी मारते अन् हा लेखक ओळ भराले 'सोपी' मारते. फरक काय?"

"मुलांना गंमत वाटते."

"कास्तकारालेई लय गंमत वाटे," काकाजी म्हणाले.

वाद तिथे संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात मी पोस्टातून आले आणि ओवीची पुस्तकं उघडून पाहिली तर ती लाल झालेली. काकाजींकडे ऑफिसातली एक पेन्सिल होती, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. लाल टोकाने त्यांनी जिथे जिथे यमकासाठी खोटं घुसवलं होतं तो शब्द खोडला होता, आणि वर ठळक अक्षरात खरा शब्द लिहिला होता. अस्वलाच्या अंगात पजामा खोडून 'केस'. जिलेबी 'सोपी' खोडून 'गरम'. एका पानावर होतं:

मांजर निघाली साडीत,
बसली झुकझुक गाडीत.

ते आता असं झालं होतं: मांजर निघाली घरातून, बसली उभ्या गाडीखाली. हे खरंच होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलखाली शेजाऱ्यांची मांजर रोज दुपारी बसायची.

मी ते पुस्तक घेऊन तरातरा जिना उतरले. एरवी काकाजींशी मी शुद्धच बोलायची. त्या दिवशी तोंडातून जे निघालं ते थेट पुलगावचं निघालं. "काकाजी, हे काय करून ठेवलं तुम्ही? कोणाले विचारून केलं? माह्या पोरीले वाचता येऊन नाई राह्यलं, तिचं एक वर्ष जाऊन राह्यलं, अन् तुमाले अस्वलाचे केस सुचून राह्यले?"

काकाजी शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर आत वळून म्हणाले, "ऐकलं का वं? वरचे पाहुणे गेले वाटते."

काकू बाहेर आल्या, त्यांनी माझ्या हातात पाण्याचा गडू दिला आणि कानाशी म्हणाल्या, "मनावर घेऊ नोको माय. माह्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेतलेई चार शब्द काटले होते यायनं."

मी रागारागात वर गेले. ओवी खाटेवर बसून ते अस्वलाचं पुस्तक घेऊन होती, तेही लाल. तिने नेहमीसारखं सुरू केलं, "आले आले अस्वलमामा, अंगात त्यांच्या पिवळा..." आणि थांबली. बोट त्या लाल शब्दावर अडकलं होतं. चित्रात पजामा दिसत होता. यमक पजामा म्हणत होतं. पण कागदावर भलतंच काही होतं.

"आई, इथे पजामा नाहीये."

मी काही बोलले नाही. रागात होते म्हणून बोलले नाही, अध्यापनशास्त्र म्हणून नव्हे.

"क ला मात्रा... के. स." ती त्या कागदावर अगदी वाकली. "के-स. केस! आई, केस लिहिलंय! आबाजींनी अस्वलाला केस लावले!" आणि ती एवढी हसली की खाटेवर आडवीच झाली. मी ते पाहत उभी राहिले. माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द वाचला होता आणि तो 'केस' होता. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

यमकाचा गुण असा की पुढचा शब्द काय येणार ते आधीच कळतं. आणि जे आधीच कळतं ते वाचायची कुणाला गरज पडत नाही. काकाजींनी नेमकी तीच सोय बंद केली होती. हे त्यांना ठाऊक होतं का? मुळीच नाही. ते पुस्तक सुधारत होते. मुलगी सुधारते आहे याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन, मान खाली घालून, आणखी पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांना वाटलं की मला त्यांचं म्हणणं पटलं.

मग तो धंदाच सुरू झाला. ओवी शाळेतून आली की दप्तर टाकून विचारायची, "आबाजी, आज काय बदललं?" ते सांगत नसत. ओवी एकेक ओळ संशयाने तपासायची. कुठला शब्द जुना आणि कुठला नवा, हे पाठ म्हणून कळत नव्हतं. काकाजी हुशार होते. थोड्या दिवसांनी त्यांनी लाल रंग सोडला आणि पांढरा कागद चिकटवून काळ्या शाईने छापल्यासारखं लिहायला लागले. काकू म्हणायच्या, म्हातारपणी बनावट माल काढायला शिकले. आणि ओवी वाचत होती. अडखळत, चिडत, बोट ठेवून, पण वाचत होती.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. पानावर पुन्हा अस्वलच होतं, आणि काकाजींनी सुधारून लिहिलं होतं, 'अंगावरती काये केस'. ओवी तिथे अडली. का, ये. काये. तिने दोनदा वाचलं, मग मला विचारलं, काये म्हणजे काय? मी गालातल्या गालात हसले आणि म्हटलं, ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचार.

आमच्याकडे 'ळ' हे अक्षर लिहिण्यापुरतं असतं. तोंडात त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, केळ्याचं केयं, शाळेची शाया. कागदावर कुणी तसं लिहीत नाही. पण काकाजी मन लावून खरं लिहायला बसले होते, आणि खरं म्हणजे जे आपण बोलतो ते.

"आबाजी, हे काये काय आहे?"

"काये. रंग असते नं, काया. अस्वल काया असते."

ओवीने क्षणभर विचार केला. "काळा!"

"व्हय तं. काया."

"काळा, आबाजी. ळ पाहिजे. हा य आहे." आणि तिने त्यांच्या खिशातली पेन्सिल ओढून घेतली, त्या 'ये'वर लाल फुली मारली आणि म्हणाली, "रिजेक्ट."

 आतून काकूंच्या हातातली वाटी पडल्याचा आवाज आला. सगळ्या नोकरीत या माणसाला रिजेक्ट म्हणायची हिंमत ना साहेबाला झाली होती ना व्यापाऱ्याला. काकाजींनी पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, फुलीकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलवून तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला. मग पुस्तक ओवीच्या हातात परत दिलं. "बरोबर हाय. माह्या मालात कवडी निंगाली," ते म्हणाले आणि चपला घालून फिरायला गेले. त्या संध्याकाळी ते बरेच लांब गेले असावेत, कारण काकूंनी पोळ्या दोनदा गरम केल्या.

एप्रिल आला. वर्ध्याचं ऊन सुरू झालं आणि त्याबरोबर आयांच्या ग्रुपवर एक बातमी फुटली, की परीक्षेला कुठलं पुस्तक देणार आहेत. कुणाची तरी भाची त्या शाळेत शिकवत होती. दोन तासांत त्या पुस्तकाच्या झेरॉक्स घरोघर पोहोचल्या आणि सगळ्या केजीचं पाठांतर सुरू झालं. मीही झेरॉक्स आणली. मी काही जगावेगळी नाही. ती ओवीच्या दप्तरात ठेवली, आणि दप्तर नेहमीप्रमाणे खाली काकूंकडे राहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ती झेरॉक्स उघडली. पहिल्या पानावर होतं: 'गाय गेली गोठ्यात'. मूळ ओळ होती 'गाय गेली शाळेत'. पुढे पानोपान तेच. काकाजींनी परीक्षेचं पुस्तक सुधारून ठेवलं होतं. आता दुसरी झेरॉक्स आणून ती पाठ करून घ्यायला वेळ नव्हता, आणि ओवी आठवडाभर तीच वाचत होती. उद्या तिने मॅडमसमोर गाय गोठ्यात नेली की संपलं. मी त्या दिवशी काकाजींशी एक शब्द बोलले नाही. शुद्धही नाही आणि वऱ्हाडीही नाही.

तरी सकाळी ते बुशशर्ट घालून फाटकाशी तयार होते. "मी येतो. तपासणारे कसे तपासते, पाहू तं द्या."

वर्गाच्या दाराशी आम्हा पालकांची गर्दी होती. आत एकेक मूल जाऊन उभं राहत होतं. मॅडम पुस्तकाचं कुठलंही पान उघडायच्या आणि मूल पहिल्या पानापासून सुरू व्हायचं. समोर हत्तीचं चित्र, तोंडात गाय. मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं स्पष्ट होत चाललं होतं. एका आईने दारातूनच "बेटा, पुढे, पुढे" असा इशारा केला तेव्हा मॅडमनी दार अर्धं लावून घेतलं.

ओवीची पाळी आली. मॅडमनी पहिलंच पान समोर ठेवलं. तेच, गायीचं.

"गाय गेली..." ओवी म्हणाली आणि थांबली. ती इतका वेळ थांबली की मला वाटलं आता मीच ओरडेन. तिने बोट ठेवलं. "शा. ळे. त. शाळेत." मग मान वर करून मॅडमना विचारलं, "ही खरंच शाळेत गेली?"

मॅडमनी मधलं पान उघडलं. ओवीने ते वाचलं. शेवटचं उघडलं. तेही वाचलं, हळूहळू, अडखळत, प्रत्येक शब्दाकडे चोर पकडल्यासारखं बघत. मॅडमनी भिंतीवरचा तक्ता दाखवला, दारावरची पाटी दाखवली. ओवीने वाचलं. तेव्हा मॅडम, ज्या पालकसभेत 'आपण' आणि 'कृपया' शिवाय बोलत नसत, त्या एकदम म्हणाल्या, "जूनमध्ये वरतं येजो बाई, बिनधास्त येजो!" आणि मग भानावर येऊन विचारलं, "कोणी शिकवलं गं तुला वाचायला?"

"आबाजींनी," ओवी म्हणाली. "ते खोटं खोटं लिहून ठेवतात. मग मला वाचावंच लागतं."

दारातले सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. ते पुढे होऊन अर्ध्या दारातून म्हणाले, "मॅडम, मी खोटं नाई लेहलं. पुस्तकात खोटं होतं. गाय गोठ्यातच जाते." पण मॅडमनी पुढच्या मुलाला हाक मारली होती.

परत येताना ते आमच्या पुढे पुढे चालत होते, मान खाली घालून. ज्या माणसाने जन्मभर इतरांच्या मालातलं खोटं काढलं त्यालाच चारचौघांत खोटं लिहिणारा म्हणून दाखवलं गेलं होतं, तेही ज्या पोरीसाठी डोळे फोडून अक्षरं चिकटवली तिच्याकडून. मला ओवीचा अतोनात अभिमान वाटत होता आणि त्यांच्यासाठी तेवढंच वाईट वाटत होतं. मी हाक मारली, "काकाजी, थांबा नं, ऊन हाय." ते थांबले नाहीत.

चौकात मात्र त्यांना थांबावं लागलं, कारण ओवीच थांबली होती. तिथे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं. हात जोडलेला त्यांचा फोटो, भोवती फुलांची नक्षी आणि खाली ठळक अक्षरात दोन ओळी. चित्र होतं, यमक होतं, म्हणजे ओवीच्या दृष्टीने ते पुस्तकच होतं. तिने मान मागे टाकून वाचायला सुरुवात केली. 'ध्या' वर बराच वेळ गेला. "एकच... ध्यास. गावाचा... विकास." पहिल्यांदाच कुणी न सांगता, कुणी पुढे न ठेवता, रस्त्यावरचं काहीतरी ती आपण होऊन वाचत होती.

फ्लेक्सच्या खाली नालीचं झाकण गेलेलं होतं आणि त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवली होती, माणसं पडू नयेत म्हणून.

ओवीने फांदीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. मग धावत जाऊन काकाजींचा हात धरला. "आबाजी, यात कवडी आहे ना? द्या पेन्सिल."

काकाजींचा हात बुशशर्टाच्या खिशाशी गेला. मग त्यांनी मान वर करून त्या फ्लेक्सकडे पाहिलं, किती उंच आहे ते. एरवी निकाल द्यायला त्यांना निमिष लागायचं नाही. आज त्यांनी दिलाच नाही.

"तिथवर आपला हात नाई पुरत, बाई," ते म्हणाले.

"मग त्यांना सांगा ना खाली उतरवायला."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे चौकातच पर्समध्ये घराची किल्ली शोधू लागले.